पहाटे टाकायचे पीठ

बहारीनचा हिवाळा आधी नाकाला कळतो, मग अंगाला. नोव्हेंबर सरता सरता एखाद्या सकाळी खिडकी उघडावी, तर उन्हाळाभर हवेत साचून राहिलेला समुद्राचा दमट, खारट वास नाहीसा झालेला असतो. त्याच्या जागी ओल्या चुनखडीचा वास येतो. शाळेतल्या पाटीवर ओला बोळा फिरवल्यावर यायचा तसा. शेजारचे बहारीनी कुटुंब गच्चीवरून तंबूचे कापड खाली काढते, उन्हात झटकते, आणि पुढच्या सुट्टीला साखीरच्या माळाकडे निघते. झिंजमधल्या या घरात राहायला आल्यापासून दर वर्षी मी हे पाहतो.

या वर्षी तो वास आला त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांदळाच्या पिठाची एक पिशवी होती. जुन्या धोतराच्या कापडाची, हाताने शिवलेली, तोंडाशी सुतळी. तीन दिवस ती तिथेच होती. नलिनी, माझी पत्नी, तिला वळसा घालून काम करीत होती, आणि मी तिच्याकडे न पाहता चहा घेत होतो. ती पाठवणाऱ्याला मी सात वर्षांत पाहिलेले नाही. त्याचे माझ्यामुळे एक नुकसान झाले आहे, आणि ते भरून येण्याजोगे नाही. मला हव्या असलेल्या गोष्टी मिळत गेल्या, त्या त्या नुकसानाच्या पायावर. हे लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

सत्तरचे दशक उताराला लागले होते तेव्हाचा तो हिवाळा. मी चाळिशीला टेकलेला, एका रस्तेबांधणीच्या कंपनीत इंजिनिअर. नलिनी आणि सहा वर्षांची मुलगी पुण्यात. आमचा कॅम्प बेटाच्या मध्यभागी, तेलविहिरींच्या पलीकडे उघड्या माळावर होता: पत्र्याच्या लांबट बराकी, एक मेस, आणि चार खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी. नकाशावर बहारीन सपाट दिसते. पण बेटाचा मधला भाग एखाद्या परातीसारखा खोल गेला आहे. परातीला जशी कड असावी तसा त्याच्याभोवती चुनखडीचा कडा आहे, आणि परातीच्या मध्यावर जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. उन्हाळ्यात तो दुपारच्या वाफेत थरथरतो, म्हणून ते नाव. हिवाळ्यात मात्र त्याची एकेक घळ मोजता येते.

त्या कड्यावरून आमची वाट जायची. वाट म्हणजे सात मैलांचा एक फेरा. टाकीपासून सुरुवात, मग तेलाच्या नळाला धरून दोन मैल सपाट, गारगोट्यांनी भरलेला माळ, जिथे प्रत्येक पावलाखाली काचेच्या बांगड्या फुटल्यासारखा आवाज होई. पुढे शेळ्यांच्या पायवाटेने कड्यावर चढण. वर वाऱ्याने कोरलेले, माणूस वाकून बसेल एवढे कोनाडे, आणि एकमेकींत गुंतलेल्या दहा-बारा पायवाटा, त्यांतली बरोबर एकच. मग जबलला उजवीकडे ठेवून उतरण, आणि खाली एकटी बाभूळ. ती बाभूळच असावी. आम्ही तिला बाभूळच म्हणत असू. तिथून पांढऱ्या मातीच्या ओघळीतून पुन्हा टाकीकडे.

त्या वाटेवर धावताना मला प्रथम समजले की वाळवंट ओसाड नसते. पाऊस पडून गेल्यावर आठवड्याभरात माळावर पोपटी लव फुटे, इतकी विरळ की उभ्याने दिसत नसे. पळताना, नजर तिरकी पडली की, सगळा माळ हिरवट होऊन जाई. सरड्याच्या शेपटीची रेघ वाळूवर ताजी असे. चंडोल पायांपासून हातभर अंतरावरून उडत आणि पुन्हा पुढे जाऊन बसत, जणू तेच आम्हांला वाट दाखवीत आहेत. धावताना माणसाला स्वतःचा श्वास सोबतीला असतो, आणि त्या दिवसांत मला दुसरी सोबत फारशी नव्हती.

फारशी नव्हती म्हणालो ते बरोबर नाही. भिकाजी होता.

भिकाजी कॅम्पच्या पिकअपचा ड्रायव्हर. देवरुखजवळच्या एका वाडीतला, तिशीचा, बुटका, पोटऱ्या बांधीव. कॅम्पात आला त्या दिवशी त्याने जबलकडे बोट दाखवून मला विचारले होते, "सायब, हा डोंगर?"

"बेटावरचा सर्वांत उंच."

"आमच्याकडं असल्या उंचीवर म्हशी सोडतात," तो म्हणाला, "आन संध्याकाळी अंगणातनंच हाक मारतात."

त्याचे धावणे कोणी शिकवलेले नव्हते. तो डोक्यावर भारा असल्यासारखा धावे: मान स्थिर, पावले लहान, खांदे जराही न हलवता. मी लांब ढांगा टाकीत पुढे जाई आणि चढणीवर धापा टाकीत थांबे. तो त्याच गतीने मागून येऊन पुढे निघून जाई. उतारावर मी चाचरत असे. "पायाकडं बगू नका वो," तो सांगे. "पाय कुटं जात नाय. फुडल्या तीन दगडांकडं बगा." अजूनही जिना उतरताना मला ते आठवते.

दर शुक्रवारी सकाळी कॅम्पात एक खेळ होई. तो आमच्या कॅम्पप्रमुखाने सुरू केला होता. तो इंग्रज, पूर्वी सैन्यात असलेला, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. एका माणसाने 'ससा' व्हायचे. पहाटे एकट्याने निघून वाटेवर दर पन्नास पावलांवर चुन्याची मूठभर खूण टाकीत जायचे आणि बाभळीपाशी थांबायचे. तासाभराने बाकीच्यांनी त्या खुणांचा माग काढीत धावत यायचे. ते शिकारी कुत्रे. "म्हंजे सायब लोक ससा, आन आमी कुत्री," भिकाजी म्हणे. "बरं हाय." पण तो खेळात आनंदाने असे. धावणे झाले की मेसमधल्या उपड्या तव्यावर तो सगळ्यांसाठी घावणे घाली. पीठ त्याच्या घरचे. बायकोने जात्यावर दळून, कोणा रजेवरून परतणाऱ्याच्या हाती पाठवलेले. कॅप्टन ते घावणे मार्मालेड लावून खाई, आणि भिकाजी तिकडे पाठ करून उभा राही.

त्या वर्षी भिकाजी शिमग्याला घरी निघाला होता. त्याच्या गावी शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते आणि एका घरी मुक्कामाला थांबते. त्या मुक्कामाला वस्ती म्हणतात. वस्तीचा मान वाडीतल्या घरांमध्ये पाळीने फिरतो. भिकाजीच्या घराची पाळी अठरा वर्षांनी येत होती. त्याच्या वडिलांना आता पालखीला खांदा देणे जमणारे नव्हते. त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत मुलाने तो द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. रजा मंजूर झाली होती. वडिलांची पत्रे येत. अंगण नव्याने चोपून घेतले, पडवीला रंग दिला, कोणत्या बोटीने की विमानाने येतोस ते कळव. भिकाजी ती पत्रे मला वाचून दाखवी. त्याला वाचता येत होते. पण दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याला ती पुरी वाचल्यासारखी वाटत नसत.

जानेवारीच्या अखेरीस एका गुरुवारी दुपारी माझ्या लक्षात आले की दुसऱ्या दिवशी ससा मी आहे, आणि स्टोअरमधून चुना काढायचा राहिला आहे. स्टोअरला कुलूप लागले होते.

"भिकाजी, चुना राहिला."

"पानाला?"

"वाट टाकायला. आणि उद्या लंडनच्या ऑफिसातले एक पाहुणेही धावणार आहेत."

त्याने खाटेखालून कापडी पिशवी ओढली. "मग पीठ न्या. घरी रांगोळी सरली की आमच्या बायका हेच घेतात."

"आणि घावणे?"

"आता घावने घरी जाऊन खाईन की." पिशवी माझ्या हातात दिली, पण त्याने लगेच सोडली नाही. "पन सायब, पहाटंच टाका हां. पीठ हाय, चुना नव्हं. रातभर दंव लागलं तर मातीत मिळून जाईल, आन ऱ्हाईल ते पाखरं टिपतील."

"हो, हो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी उजेड अजून होता, पाय मोकळे होते, आणि पहाटे थंडीत उठण्याचा मला कंटाळा आला. दुसरे काही कारण नव्हते. असते तर इतक्या वर्षांत मी त्याचा आधार घेतला असता. मी गुरुवारी सूर्यास्ताच्या सुमारास सगळी वाट फिरून पीठ टाकून आलो. तपकिरी दगडांवर ते पांढरे ठिपके किती सुरेख दिसत होते, हेही मला आठवते. पाव पिशवी उरली.

शुक्रवारी सकाळी दाट धुके पडले. जबल दिसत नव्हता. बराकीतून टाकी दिसत नव्हती. मी उठलो, सर्वांना दिसेल असा कॅम्पातून बाहेर पडलो आणि ओघळीतल्या जवळच्या वाटेने सरळ बाभळीकडे गेलो. तिथल्या खुणा शोधू लागलो तेव्हा पायांखाली ओल्या मातीचे फिकट डाग तेवढे होते, आणि चंडोल टिपत होते. बाकीचे धावायला निघण्यास अजून अर्धा तास अवकाश होता. मी धावत परत जाऊन त्यांना थांबवू शकलो असतो. पाव पिशवी पीठ माझ्या हातात होते. त्यातून मी बाभळीजवळच्या शेवटच्या शंभर पावलांवर नव्याने खुणा टाकल्या आणि झाडाखाली बसून राहिलो.

नऊ माणसे कड्यावरच्या गुंतलेल्या पायवाटांत विखुरली. धुक्यातून हाका येत होत्या, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. लंडनचे पाहुणे साठीच्या आसपासचे होते. पुरुषभर उंचीच्या एका पायरीवरून ते घसरले आणि त्यांचे नडगीचे हाड मोडले. भिकाजी कड्याखाली पिकअपमध्ये पाणी घेऊन थांबला होता. ओरडणे ऐकून तो वर गेला. पावसानंतर जमिनीतून निघणारा फगा, ती बटाट्यासारखी अळंबी, शोधत फिरणारा एक बहारीनी म्हातारा त्याला तिथे भेटला. तो पुढे 'यल्ला, यल्ला' करीत वाट दाखवीत होता आणि मागून भिकाजी त्या अंगापिंडाने थोराड गृहस्थांना पाठीवर घेऊन, मान स्थिर, लहान लहान पावलांनी उतरत होता. हाका ऐकून मी कड्याखाली आलो होतो, तेव्हा त्यांना धुक्यातून बाहेर येताना पाहिले. भारा कसा न्यायचा हे त्याच्या अंगातच होते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे कॅप्टनच्या ऑफिसात उभे होतो. कॅप्टन रागावला नव्हता. त्याला या प्रकारात काहीसे हसू येत होते.

"पीठ कोणाचे?" त्याने विचारले.

"मेरा, साब," भिकाजी म्हणाला.

"आणि टाकले कधी?" हे मला.

त्याच्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली, माझा अर्ज होता. नलिनीला आणि मुलीला इथे आणण्यासाठी कंपनीचे घर मिळावे म्हणून केलेला. त्यावर त्याची सही व्हायची होती.

"पहाटे," मी म्हणालो. "नेहमीप्रमाणे."

कॅप्टनने मान हलवली. म्हणजे तासाभरातच नाहीसे झाले. पिठाने खुणा करायची कल्पनाच खुळी. मग त्याने सांगितले की पाहुण्यांना सहा आठवडे इस्पितळात ने-आण करावी लागेल, आणि ज्याचे पीठ त्याचीच गाडी, हे न्यायाचे होईल. भिकाजी म्हणाला, "साब, मेरा छुट्टी." कॅप्टन म्हणाला, एप्रिलमध्ये खुशाल जा. शिमगा मार्चमध्ये होता. एप्रिल आणि मार्च यांत काय अंतर आहे हे त्या इंग्रजाला कोणी तरी समजावून सांगायला हवे होते, आणि ते सांगू शकेल असा त्या खोलीत एकच माणूस होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो.

बाहेर आल्यावर भिकाजी म्हणाला, "जाऊ द्या सायब. पीठ ते पीठच."

त्या आठवड्यात माझ्या अर्जावर सही झाली.

पुढे कॅप्टनने हुकूम काढला की पावडरीचा खेळ बंद; वाटेवर प्रत्येक वळणाला दगडांच्या कायमच्या राशी रचाव्यात. ते काम मी अंगावर घेतले, आणि भिकाजी इस्पितळातून परतला की संध्याकाळचा मदतीला येई. अकरा राशी आम्ही रचल्या. तो दगड निवडी, मी हातात देई. खालचे रुंद, वरचे चपटे. आमच्यात बोलणे पूर्वीसारखेच चाले. फरक इतकाच की वडिलांची पत्रे तो आता मला वाचून दाखवीत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी हवा पुन्हा बदलली. माळावरची लव पिवळी पडली. शमाल वारा सुटला की दिवसभर दातांखाली वाळू लागे.

त्याच्या गावी पालखी वस्तीला यायची त्या दिवशी, दुपार कलल्यावर, भिकाजी माझ्या बराकीच्या दारात आला. त्याने सफरचंदांच्या लाकडी खोक्याला तंबूचे दोन दांडे बांधले होते. खोक्यात एक नारळ होता आणि वडिलांचे शेवटचे पत्र.

"सायब, फुडं मी होतो," तो म्हणाला. "मागनं खांदा द्या."

मी दिला. टाकीपासून आम्ही निघालो. तो पुढे, त्याच्या त्या बारीक पावलांनी. मी मागे, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवण्याच्या खटपटीत. प्रत्येक राशीपाशी तो थांबे, खोके खाली टेकवी आणि सांगे, हे आमच्या वाडीतले पहिले घर, हे चुलत्यांचे, ह्यांच्याशी आमचे बोलणे नाही, पण पालखी जातेच. मग हात जोडून गाऱ्हाणे घाली. त्या घरातल्या माणसांची नावे घेऊन, त्यांच्या गुराढोरांसाठी, परगावी असलेल्या मुलांसाठी देवाकडे मागणे मागितले जाई. प्रत्येक मागण्यानंतर मागच्याने "होय म्हाराजा" म्हणायचे असते, हे त्याने मला पहिल्या राशीपाशी शिकवले. कड्यावर वारा इतका होता की खोके हेलकावे खात होते, आणि एकदा त्याने खरोखरच पालखी नाचवल्यासारखे दांडे उचलून फिरवले. मी धडपडलो. "सायब, देव पडंल," तो हसून म्हणाला. त्या हसण्यात काही उणे नव्हते. ते मला अधिक जड गेले.

अकरा राशी, बोलून टाकण्याच्या अकरा जागा. मी प्रत्येक ठिकाणी "होय म्हाराजा" म्हणालो आणि पुढे गेलो.

बाभळीपाशी शेवटची रास होती. "हे आमचं," तो म्हणाला. खोके टेकवून त्याने हात जोडले. मग गाऱ्हाणे घातले: वडिलांच्या गुडघ्यांसाठी, बायकोसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी. आणि त्याच सुरात, न थांबता: "आन बा म्हाराजा, ह्या पिठाच्या कामात कोनाचं काय चुकलं-माकलं आसंल, तर ते तुज्या पायाखाली घे."

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

त्याने नारळ फोडला. अर्धा मला दिला. माझ्याकडे न पाहता, करवंटीतून खोबरे सोडवीत त्याने विचारले, "सायब, पहाटंच टाकलंत ना?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये तो गेला आणि महिन्याने परत आला. वडिलांविषयी विचारले तेव्हा म्हणाला, "बरे हायत. पडवीचा रंग दावला मला." शिमग्याला वस्ती झाली होती, पुढचा खांदा पुतण्याने दिला होता. वडील त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात गेले. पुढची पाळी यायला अजूनही काही वर्षे आहेत.

अर्जावर सही झाली त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर नलिनी आणि मुलगी आल्या. आम्ही शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर जात असू. पाणी गुडघ्याएवढे, कितीही आत गेले तरी गुडघ्याएवढेच. मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत वाढली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्ही दोघेही ते चालवून घेतो. ती वर्षे सुखाची होती. मी सुखी नव्हतो असे म्हटले तर तो आणखी एक खोटेपणा होईल. फक्त हिवाळ्यात, ओल्या चुनखडीचा वास आला की, मी धावायला निघत असे आणि कोणालाही बरोबर नेत नसे. भिकाजी ऐंशीनंतर लवकरच कायमचा गावी गेला. विमानतळावर त्याला सोडायला मी गेलो होतो. तेव्हाही काही बोललो नाही.

आणि मनाच्या तळाशी मी एक पळवाट जपून ठेवली होती. कदाचित पहाटे टाकले असते तरी ते राहिले नसते. धुके, दंव, पाखरे. कॅप्टन म्हणाला तशी कल्पनाच खुळी असेल. तसे असेल तर मी खोटे बोललो एवढेच. त्याची वस्ती माझ्यामुळे चुकली असे होत नाही. या 'कदाचित'वर मी दहा-अकरा हिवाळे काढले.

गेल्या हिवाळ्यात मी नलिनीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. ऐकून तिचे हात थांबले. "म्हणजे मी इथे आले ती..." ती म्हणाली. दोन दिवस घरात कामापुरते बोलणे होते. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर कागद ठेवला. "लिहा त्यांना."

"काय लिहू?"

"मला सांगितलेत तेच. कमी नको, जास्तही नको."

तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलेले पत्र मी पाठवले. आठ महिने उत्तर आले नाही. आणि या हिवाळ्याच्या तोंडाशी अनंत नावाचे एक गृहस्थ दारात उभे राहिले: भिकाजीच्या वाडीतले, इथे एअर कंडिशनर दुरुस्त करणारे, रजेवरून नुकतेच परतलेले. त्यांनी कापडी पिशवी पुढे केली.

"भिकूदादांनी दिलंय. घरचं पीठ."

"पत्र?"

"पत्र नाय. सांगितलंय, की पहाटं टाका म्हनावं." ते थोडे संकोचले. "मला काय कळलं नाय. तुमाला कळंल म्हनाले."

"ते कसे आहेत?"

"झकास हायत. सकाळचं देवळापर्यंत धावत जातात, ह्या वयात. लोक हसतात."

ती क्षमा होती की टोमणा, हे मी तीन दिवस ओट्यावरच्या पिशवीला विचारीत होतो. भिकाजीला मी ओळखतो, त्यावरून वाटते की दोन्ही असेल; किंवा दोन्ही नसेल, नुसते राहिलेले एक काम त्याने करायला सांगितले असेल. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. बाहेर धुके होते. मी अंधार विरळ होता होता गाडी काढली.

कॅम्प आता नाही. टाकीचे चार खांब तेवढे उभे आहेत. राशी अकराही सापडल्या. दोन ढासळल्या होत्या, त्या नीट केल्या. सपाटीवर मी धावलो, चढणीवर चाललो, उतारावर पुढच्या तीन दगडांकडे पाहिले. दर पन्नास पावलांवर मूठभर पीठ. हात ओला होत होता, पीठ बोटांना चिकटत होते. चंडोल होते. धुके त्या दिवसाइतकेच होते. कड्यावरून खालचे काही दिसत नव्हते. बाभळीपाशी पिशवी रिकामी झाली नाही. थोडे पीठ उरले. मी तिथे बसलो नाही. ओघळीतून टाकीकडे आलो, आणि पहिल्या खुणेपासून पुन्हा तीच वाट चालायला लागलो.

पहिली खूण टाकून दोन तास झाले होते. ती होती. दुसरी होती. एकीवर पक्ष्याच्या चोचीचे तीन खड्डे पडले होते, तरी दुरून दिसत होती. कड्यावरच्या गुंतलेल्या पायवाटांत, जिथे ते पाहुणे घसरले, तिथे त्या धुक्यातही बरोबरची वाट कोणती हे मला एका नजरेत कळत होते. मी बाभळीपर्यंत सगळ्या पाहिल्या. एकही नाहीशी झाली नव्हती.

घरी आलो तेव्हा नलिनीने दार उघडले आणि माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहिले. उरलेले पीठ तिने भिजवायला घेतले. मी हात धुतले, टेबलापाशी बसलो आणि भिकाजीला कार्ड लिहिले. या वेळी काही फाडावे लागले नाही.

"पहाटे टाकले. दोन तासांनी पाहिले. होते तसे होते."